सुखाचे रडगाणे

बढाई मारणाऱ्या माणसाला मराठी भाषेने कधी मोकळे सोडलेले नाही. त्याच्यासाठी तिने शब्दांचे एक कोठारच भरून ठेवले आहे. बढाई, फुशारकी, शेखी, प्रौढी, वल्गना, गमजा, तोरा, दिमाख, ऐट. किती म्हणून सांगावेत? त्यांत वल्गनेसारखे संस्कृतातून आलेले आहेत, शेखीसारखे फारसीच्या वाटेने आलेले आहेत, आणि कोठून आले याचा पत्ता न देता गावच्या पारावर येऊन बसलेलेही आहेत. वाक्प्रचार पाहू गेल्यास आणखी एक गंमत आढळते. बढाईखोर टिमकी वाजवतो, ढोल बडवतो, डंका पिटतो, टेंभा मिरवतो. टिमकी, ढोल आणि डंका कानांना ऐकू येतात; टेंभा, म्हणजे जळता पलिता, अंधारात लांबून डोळ्यांना दिसतो. बढाई ही चार जणांना दिसावी, ऐकू यावी यासाठीच असते आणि म्हणून ती लपून राहत नाही, अशी भाषेची धारणा आहे. त्यामुळे तिच्यावरचा उपायही सोपा. ऐकणारा मनात हसतो, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ असे म्हणतो, आणि आपल्या कामाला लागतो.

साताऱ्याजवळ सज्जनगडावर १६८२ साली देह ठेवणाऱ्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगितली आहेत. आपणच आपली स्तुती करणारा मनुष्य त्या यादीतून सुटलेला नाही. परंतु त्याच दशकाच्या अखेरीस समर्थांनी पढतमूर्खासाठी एक निराळा समास लिहिला. साधा मूर्ख वेगळा आणि शिकूनसवरून मूर्ख राहिलेला वेगळा, हा त्यांचा भेद मोठा मार्मिक आहे. बढाईच्या बाबतीतही असाच भेद करावा लागतो. एक साधी बढाई, आणि दुसरी शिकलेली, शहाणी, सोवळे नेसलेली बढाई. ही दुसरी टिमकी वाजवत येत नाही. ती कपाळाला हात लावून, उसासा टाकत येते.

फाल्गुनाचे दिवस असतात. तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे चालू असतात. एखादा बागायतदार एस. टी. स्थानकावर शेजारच्या गावच्या ओळखीच्या गृहस्थाला गाठतो आणि म्हणतो, “काय सांगू अण्णा, यंदा बेदाणा एवढा झाला की ठेवायला जागा उरली नाही. कोल्ड स्टोरेजच्या दारात चार दिवस गाडी उभी. डोळ्याला झोप म्हणून नाही बघा.” अण्णा मान हलवतात. त्यांची बाग गेल्या वर्षीच्या अवकाळी पावसात हातची गेलेली असते. झोप त्यांनाही येत नाही. कारण मात्र निराळे.

साताऱ्यातल्या एखाद्या घरी हळदीकुंकवाला बायका जमलेल्या असतात. त्यांतल्या एक काकू नुकत्याच परदेशातल्या मुलाकडून परतलेल्या. त्या म्हणतात, “अहो वहिनी, मुलानं घर घेतलंय एवढं मोठं, की झाडता झाडता माझी कंबर मोडली. तुमचं बरं बाई, दोन खोल्या, हात फिरवला की झालं!” व्याकरणाच्या अंगाने हे वाक्य पाहण्यासारखे आहे. मुख्य क्रियापद कष्टाचे आहे, विशेषण वैभवाचे आहे. ‘कंबर मोडली’ हे वेष्टन. ‘एवढं मोठं घर’ हा आतला माल. वेष्टन उघडून आत काय आहे ते पाहावे, एवढ्यासाठीच तो पुडा वहिनींच्या हाती दिलेला असतो. आणि शेवटी त्यांच्या दोन खोल्यांचे जे कौतुक झाले, त्याला कौतुक म्हणायला जीभ वळत नाही.

शाळाही या दोषापासून मुक्त नाहीत. परीक्षेच्या वर्गातून बाहेर पडताना एखादा हुशार विद्यार्थी तोंड पाडून सांगतो, “माझा अभ्यासच झाला नव्हता. पेपर अगदी वाईट गेला.” पुढे प्रगतिपुस्तक हाती येते तेव्हा त्याचे गुण पंचाण्णव असतात, आणि मग त्याचे मित्र आश्चर्याने म्हणतात, “अभ्यास न करता एवढे!” हेच ऐकायचे होते म्हणून ते तोंड पाडलेले होते. यात कोणाचे काय बिघडले, असे वाटेल. बिघडले ते त्याच बाकावर बसणाऱ्या मुलाचे. त्याला गणित खरोखरच आले नव्हते. मित्राचे बोलणे त्याने खरे मानले, आपण एकटेच मागे नाही, एवढ्या धीरावर ते पंधरा दिवस काढले. निकालाच्या दिवशी त्याचे गुण गेले ते गेलेच. शिवाय सोबतही गेली. त्यानंतर त्याने आपली अडचण कोणाला सांगितली नाही, तर त्यात त्याचा दोष कितीसा?

अशा बोलण्याला मराठीत काय म्हणावे? येथे मात्र ते भरलेले कोठार थोडे अपुरे पडते. ‘सुख दुखते’ हा वाक्प्रचार सर्वांत आधी आठवतो. कोणी ‘सुख बोचते’ असेही म्हणतात. या दोन शब्दांत केवढा विरोध कोंबून भरला आहे! दुखावे ते दुःखाने. येथे सुखच दुखू लागले आहे. तथापि हा वाक्प्रचार येथे पुरता नेमका बसत नाही. ज्याला सुख दुखते तो अविचारी असेल, परंतु खोटा नसतो. मऊ गादीवर झोप येत नाही म्हणणाऱ्याला कित्येकदा खरोखरच झोप येत नसते. भाषा त्याला हसते, पण त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवते. वर सांगितलेल्या बागायतदाराला सुख मुळीच दुखत नव्हते. दुखल्यासारखे दाखवून तो सुखच दाखवत होता. ‘लटका’ हे विशेषण त्याला लावावे, तर त्यात फार लडिवाळपणा आहे. लटका राग ज्याच्यावर धरला जातो त्याला तो लटका आहे हे पक्के माहीत असते, आणि सारी गोडी त्या माहितीतच असते. अण्णांना स्थानकावर ती गोडी लागली नाही.

कोणी म्हणेल, ‘मानभावी’ हा शब्द आहेच की. बाहेरून विनय आणि आतून भलतेच काही, अशा वागण्याला मानभावीपणा म्हणतात, आणि शब्द नेमका आहे यात शंका नाही. परंतु तो उच्चारण्यापूर्वी त्याची जन्मकथा ठाऊक असावी. ‘मानभाव’ हे ‘महानुभाव’ या नावाचे बोलीतले रूप होय, आणि महानुभाव म्हणजे थोर मनाचा. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात प्रवर्तित केलेल्या पंथाचे हे नाव. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याच्या अगदी आरंभीचा ग्रंथ त्याच पंथाचा. सातारा जिल्ह्यातील फलटण हे चक्रपाणी प्रभूंचे जन्मस्थान म्हणून या पंथाला आजही पूज्य आहे. महानुभावांचे आचरण अहिंसेचे, भिक्षेचे आणि नम्रतेचे. परंतु त्यांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहून ठेवले, ते बाहेरच्यांना वाचता येईनात, आणि जे वाचता येत नाही त्यात काहीतरी कपट असलेच पाहिजे, असे लोकांनी ठरवून टाकले. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी त्या लिपी उलगडल्या तेव्हा आत सापडले ते निर्मळ मराठी. कपट सापडले नाही. लिपी उलगडली, ग्रंथ छापले गेले, विद्यापीठांत शिकवले जाऊ लागले. शब्दाला चिकटलेला डाग तेवढा राहिला. खोट्या नम्रतेला नाव देताना मराठीने खऱ्या नम्रतेचेच नाव खर्ची घातले, असे येथे म्हणावे लागते. फलटणच्या रस्त्यावर हा शब्द वापरताना जीभ थोडी अडखळावी हे बरे.

शाळेत शिकवला जाणारा एक अलंकार या कामी अधिक उपयोगाचा आहे. बाहेरून निंदा आणि आतून स्तुती, किंवा बाहेरून स्तुती आणि आतून निंदा, असे जेथे असते तेथे व्याजस्तुती अलंकार होतो. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे निमित्त, मिष, बहाणा. दुसऱ्याचा गौरव किंवा उपहास खुलवण्यासाठी शास्त्रकारांनी हा अलंकार सांगितला. तो घडवून स्वतःच्याच अंगावर घालण्याची युक्ती मात्र काकूंची आणि बागायतदाराची. मराठीत व्याज या शब्दाला पैशाच्या व्यवहारातलाही अर्थ आहे, आणि तोही येथे अगदी वाया जात नाही. तक्रारीचे मुद्दल गुंतवायचे आणि कौतुकाचे व्याज घरी न्यायचे, असाच हा व्यवहार असतो.

विनयाचे सारेच संकेत मात्र या सदरात घालणे अन्यायाचे होईल. पंचपक्वान्ने वाढून यजमान म्हणतो, “गरिबाची मीठभाकरी गोड मानून घ्या.” भरगच्च आहेराला देणारा सुदाम्याचे पोहे म्हणतो. जुन्या पत्रांत लिहिणारा वडीलधाऱ्यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार घालतो. यांत कोणी कोणाला फसवत नाही. नमस्काराला वाकलेला माणूस कायमचा बुटका होत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते.

संगीताच्या मैफलीत मात्र सीमारेषा पुसट होते. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. तेथे घडलेल्या सतारी आणि तंबोरे साऱ्या देशात वाजतात; २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे येथे दीर्घकाळ वास्तव्य होते, आणि १९३७ साली ते निवर्तल्यावर त्यांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात गायकवादकांनी हजेरी लावण्याची प्रथा पडली. अशा गावचा श्रोता सहजासहजी फसत नाही. एखादा गवई बैठकीवर बसतो, तंबोरे जुळतात, आणि तो हात जोडून म्हणतो, “आज जरा गळा बसलाय, सांभाळून घ्या.” गळा खरोखर बसलेला असला तर ती विनंती होय आणि श्रोते ती आनंदाने मान्य करतात. पण दर बैठकीला गळा बसलेलाच असेल, आणि पहिल्या तानेतच तो उठून तीन सप्तकांत फिरू लागेल, तर मागच्या रांगेतले जाणते एकमेकांकडे पाहून हसतात. गाणे त्यांना आवडते, दादही ते देतात. परंतु ती विनंती त्यांनी दादीच्या हिशोबात धरलेली नसते.

आणि येथेच मराठीने, किंवा मराठीला शब्द देणाऱ्या फारसीने म्हणा, एक किल्ली ठेवली आहे. दाद हा तो शब्द. फारसीत त्याचा अर्थ न्याय. मराठीत मैफलीत जी ‘दिली’ जाते ती दाद म्हणजे कौतुकाची पावती. आणि दरबारात किंवा कचेरीत जी ‘मागितली’ जाते ती दाद म्हणजे अन्यायाचे निवारण. शब्द एक, पण एक दाद सुखातली आणि दुसरी दुःखातली. सुखाचे रडगाणे गाणारा या दोन्हींची अदलाबदल करतो. त्याचा सूर कचेरीतला असतो आणि अपेक्षा मैफलीतली.

कचेरीतली दाद मागणे म्हणजे काय असते, हे साताऱ्याला कोणी शिकवायला नको. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. परका देश, परकी भाषा, थकत जाणारे द्रव्यबळ, अशा स्थितीत त्यांनी सुमारे १४ वर्षे तेथे निवेदने दिली, सभांत भाषणे केली, ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांचे उंबरठे झिजवले. मध्यंतरी १८४७ साली प्रतापसिंह महाराज काशीस वारले आणि १८४८ साली साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. दाद मिळाली नाही. परंतु या साऱ्या धडपडीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. रंगो बापूजींनी आपले गाऱ्हाणे जेथे त्याचे निवारण होऊ शकत होते तेथेच नेले. ज्याच्या हाती काहीच नाही अशा माणसाला गाठून ते आपले हाल ऐकवत बसले नाहीत.

खऱ्या आणि खोट्या गाऱ्हाण्यातला भेद ओळखण्यास याहून चांगली खूण मिळणे कठीण. टँकर आला नाही म्हणून तहसील कचेरीपुढे उन्हात बसणारी बाई तहसीलदाराला सांगते, कारण टँकर तो पाठवू शकतो. बेदाणा फार झाल्याची तक्रार करणारा कोल्ड स्टोरेजच्या मालकाला गाठत नाही. ज्याची बाग गेली त्या अण्णांना गाठतो. मोठ्या घराच्या झाडलोटीचे दुःख काकू मुलाला सांगत नाहीत. दोन खोल्यांतल्या वहिनींना सांगतात. उपाय करणाऱ्याला नव्हे, तर आपल्याहून उणे असलेल्याला सांगितलेले गाऱ्हाणे हे बहुधा गाऱ्हाणे नसतेच. रडगाणे हा मराठी शब्द किती चपखल आहे पाहा. त्यात रडणे आहे आणि गाणेही आहे. सुखाच्या रडगाण्यात रडणे नावाला असते. बाकी सारे गाणे.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा असता तर त्यावर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु गाऱ्हाणे हे दुबळ्या माणसाचे एकुलते एक हत्यार आहे, आणि ते बोथट होणे परवडणारे नाही. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे नकाशावर शेजारी आहेत, १९४९ पर्यंत ते एकच होते. पण त्यांच्या पोटात दोन निरनिराळे मुलूख आहेत. पश्चिमेला महाबळेश्वरचा पाऊस आणि कराड, वाळवा, पलूसकडचा कृष्णाकाठ. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ यांची अवर्षणाची जमीन. टेंभू, ताकारी, म्हैसाळ अशा उपसा योजनांनी पाणी पूर्वेकडे पुष्कळ दूरवर नेले आहे. तरी ते येण्यापूर्वी कित्येक पिढ्यांनी उन्हाळा नुसता मोजून काढला. अशा मुलखात ‘पाणी’ या विषयावरचे गाऱ्हाणे कोण, कोणापुढे मांडतो याला महत्त्व आहे. कृष्णाकाठच्या एखाद्याने लग्नाच्या पंगतीत माणदेशच्या पाहुण्याला सांगावे, “पाण्याचा नुसता वैताग आहे हो, मोटर चालू करायला रात्री-अपरात्री उठावं लागतं,” आणि पाहुण्याने त्यावर “खरं आहे” म्हणावे. दुसरे तो काय म्हणणार? असे दहादा ऐकले की त्याची स्वतःची तक्रार त्यालाच हलकी वाटू लागते. आणि ऐकणाऱ्यांनाही सवय होते. जो तो तक्रारच करतो, बागायतदार करतो, जिरायतदार करतो, मग कोणाकोणाचे ऐकायचे, असे म्हणून खुर्चीवरचा मनुष्य दोन्ही कागद एकाच खणात सरकवतो.

त्यामानाने उघड बढाई पुष्कळ बरी, आणि तिचा येथे थोडा कैवार घेतला पाहिजे. महाभारताच्या कर्णपर्वात एक प्रसंग आहे. युधिष्ठिराचा अपमान केल्यावर अर्जुनाला इतका पश्चात्ताप होतो की तो स्वतःचा प्राण घ्यायला निघतो. तेव्हा श्रीकृष्ण त्याला सांगतो की आपल्या तोंडाने आपले गुण गाणे हे मरणासारखेच आहे, तेवढे कर म्हणजे झाले. मग अर्जुन आपल्या पराक्रमाचा उच्चार करतो. ‘गांडीव फार जड, खांदा भरून येतो’ असे तो म्हणत नाही. उघडपणे सांगतो आणि लाज सोसतो. उघड बढाईला ही लाजेची किंमत मोजावी लागते. शिवाय तिला प्रत्यय द्यावा लागतो. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ ही म्हण त्याच अर्जुनाच्या प्रतिज्ञेवरून पडली. मी अमुक करीन असे जो चारचौघांत म्हणतो त्याला कोणीही विचारू शकतो, दाखव पाहू. ‘ब्रीद’ हा सुंदर शब्द याच कुळातला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. स्वावलंबी शिक्षण हे आपले ब्रीद म्हणून त्या संस्थेने उघड सांगितले, आणि मग त्याला जागणे भाग पडले. रडगाण्याला कोणी असे बांधू शकत नाही. बढाई मारलीस असे म्हणावे, तर तो म्हणणार, छे, मी तर आपले दुःख सांगत होतो. दुःख हलके करू म्हणावे, तर दुःख कोठे सापडत नाही.

मिरवण्यालाही भाषेने सरसकट वाईट म्हटलेले नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक पदक. ते परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्या त्यांच्या स्वागताला निघाल्या. माणूस स्वतः मिरवतो तेव्हा तो तोरा. गाव त्याला मिरवते तेव्हा ती मिरवणूक. धातू एकच, कर्ता बदलला.

इंग्रजीत अशा बोलण्याला गेल्या काही वर्षांत ‘हंबलब्रॅग’ असा नवा जोडशब्द मिळाला. अर्थ साधारण ‘विनम्र बढाई’. चीनमध्ये २०२० च्या सुमारास त्याला फ्रान्सच्या राजांच्या व्हर्साय राजवाड्याचे नाव चिकटले. म्हणजे रोग जगभराचा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, अशा झाकलेल्या बढाईपेक्षा सरळ बढाई मारणारा, किंवा सरळ तक्रार करणारा मनुष्य लोकांना अधिक बरा वाटतो. कारण तो निदान मनापासून बोलतो असे दिसते. मराठीने इंग्रजी शब्द उसना आणावा काय? आणला तर आकाश कोसळणार नाही. मराठीने शेखी आणली, दाद आणली, दोन्ही पचवल्या. पण ‘सुखाचे रडगाणे’ घरात असताना उसनवारीला जाण्याची गरज दिसत नाही. शिवाय हंबलब्रॅग या शब्दात ऐकणारा कोठे नाही. रडगाणे म्हटले की ते कोणाला तरी ऐकावे लागले, हे आपोआप ध्यानात येते.

मात्र हाती आलेले हे नाव ऊठसूट कोणालाही चिकटवू नये. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत वर्षानुवर्षे अतोनात पाणी पाजल्याने आणि त्याचा निचरा न झाल्याने पुष्कळ जमीन क्षारपड झाली आहे. शेतात पांढरा थर फुलतो आणि पीक उगवत नाही. “आमची रानं पाण्यानं गेली,” असे तिथला शेतकरी म्हणतो. जतच्या माणसाला हे सुखाचे रडगाणे वाटेल. पण ते अक्षरशः खरे आहे. उसाचेही तसेच. “वीस एकर ऊस उभा आहे, पण तोड मिळत नाही,” हे वाक्य ऐकताच वीस एकरांकडे लक्ष जाते. टोळी वेळेवर आली नाही तर उसाला तुरा येतो, वजन घटते, आणि कर्जाचे हप्ते काही थांबत नाहीत. माणसाचा तोरा आणि उसाचा तुरा यांत फरक करता आला पाहिजे.

तो कसा करावा याची एक जुनी रीत या भागातल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक आहे. समोरचा आपल्या वैभवाचे कष्ट सांगू लागला की त्या शांतपणे ऐकून घेतात, आणि मग म्हणतात, “एवढा ताप हुतोय तर त्यातलं थोडं आमास्नी दे की बाई. आमी घिऊ झाडून.” क्षारपड रानाचा धनी अशा वेळी ‘चला, दाखवतो’ म्हणून थेट बांधावर घेऊन जातो आणि वाकून मूठभर पांढरी माती हातात देतो. मोठ्या घराच्या काकू मात्र घड्याळाकडे पाहतात, “अगबाई, बराच उशीर झाला की,” असे म्हणतात, आणि दाराशी जाऊन आपल्या चपला शोधू लागतात.